चार किलो कमी करण्याआधी : फ्रेडरिक लँचेस्टर

होस्टेलवर मेकॅनिकलचे चार जण जमले की गप्पा फिरून फिरून गाडीच्या पिकअपवर येतात. एअर फिल्टर झाला, एक्झॉस्ट झाला, मग कुणीतरी फ्लायव्हीलचा विषय काढतोच. लेथवर लावायचं, चार किलो उडवायचे, गाडी सुसाट! कल्पना अगदीच वाईट नाही. पण ते चार किलो तिथे बसून नेमकं काय करत होते? याचं उत्तर ज्या माणसाने शोधलं, तो आपल्या टीओएमच्या पुस्तकात जेमतेम एका ओळीपुरता येतो आणि ओरल्स संपल्या की आपण त्याला विसरतो. त्याचं नाव फ्रेडरिक विल्यम लँचेस्टर.

जन्म २३ ऑक्टोबर १८६८, लंडनजवळ लुईशॅमला. वडील आर्किटेक्ट. थोरला भाऊ हेन्रीसुद्धा आर्किटेक्टच झाला. जोधपूरचा उमेद भवन पॅलेस ज्यांनी पाहिला असेल त्यांनी या हेन्री लँचेस्टरचं काम पाहिलेलं आहे. फ्रेडरिक मात्र मशीनच्या नादी लागला. साउथ केन्सिंग्टनच्या सायन्स स्कूलमध्ये शिकला, संध्याकाळी वर्कशॉपचे क्लासेस केले, पण डिग्री काही घेतली नाही. (घरी हे वाक्य वाचून दाखवू नये.)

१८८९ साली बर्मिंगहॅमच्या फॉरवर्ड गॅस इंजिन कंपनीत त्याला नोकरी लागली. पगार आठवड्याला एक पौंड. कामावर असताना काही शोध लावला तर तो कंपनीच्या मालकीचा, असं एक कलम करारात होतं. या पोराने सही करण्याआधी ते कलमच खोडून टाकलं! प्लेसमेंटच्या वेळी बाँडवर डोळे मिटून सह्या करणाऱ्या आपल्या सीनिअर्सनी हा भाग दोनदा वाचावा. लवकरच तो तिथे वर्क्स मॅनेजर झाला आणि गॅस इंजिनवरची त्याची पेटंट्स त्याच्याच नावावर राहिली.

१८९५-९६ मध्ये त्याने स्वतःची मोटार बांधली. त्या काळात लोक घोडागाडी घेऊन तिला इंजिन बसवत. त्याने आधी गाडी म्हणूनच सगळी डिझाइन केली. पहिलं इंजिन एका सिलिंडरचं होतं आणि ते गाडीला गदागदा हलवायचं. आता इथे दुसऱ्या कुणीही फ्लायव्हील आणखी जड केलं असतं. एका सिलिंडरच्या फोर स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांमध्ये एकदाच पॉवर मिळते, उरलेला वेळ फ्लायव्हीलमध्ये साठलेल्या एनर्जीवर ढकलायचा असतो. बुलेटचं स्लो इतकं सावकाश सेट करता येतं ते याच जड चाकामुळे.

लँचेस्टरचं वेगळेपण हे की त्याने सगळ्या थरथरीला एकच रोग मानलं नाही. फायरिंगमुळे वेग कमीजास्त होतो, तो एक प्रकार. पिस्टन पुढेमागे पळतो त्याचा धक्का, हा दुसरा. फ्लायव्हील पहिल्यावर औषध आहे, दुसऱ्यावर अजिबात नाही. कितीही वजन वाढवा, पिस्टनचे धक्के बॅलन्स होत नाहीत. म्हणून १८९७ साली त्याने समोरासमोर दोन सिलिंडर ठेवून नवं इंजिन केलं. क्रँकशाफ्ट दोन, एकावर एक, उलट दिशांना फिरणारे, प्रत्येकाला स्वतःचं फ्लायव्हील! प्रत्येक पिस्टनला तीन असे सहा कनेक्टिंग रॉड. एकाचा धक्का दुसरा खाऊन टाकतो, आणि फ्लायव्हील्स उलटी फिरत असल्यामुळे रेस दिल्यावर इंजिन एका बाजूला झुकतही नाही. ड्रॉइंग पाहिलं तर डोकं गरगरतं, पण गाडी लोण्यासारखी चालायची. १८९९ मध्ये रिचमंडच्या प्रदर्शनात अशाच इंजिनाच्या गाडीला गोल्ड मेडल मिळालं. पुढे लेखक रडयार्ड किपलिंगने लँचेस्टरची गाडी घेतली. हा किपलिंग म्हणजे मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात जन्मलेला.

तिसरा रोग त्याला सापडला तो डेमलर कंपनीचा सल्लागार असताना, १९१०च्या सुमाराला. सहा सिलिंडरचा क्रँकशाफ्ट लांब असतो. ठराविक आरपीएमला तो पिळ घातल्यासारखा मागेपुढे वळवळायचा. म्हणजेच टॉर्शनल व्हायब्रेशन. यालाही फ्लायव्हीलचं वजन हा इलाज नव्हे. त्याने शाफ्टच्या पुढच्या टोकाला तेलात बुडालेल्या चकत्यांचा डँपर बसवला. शाफ्ट वळवळला की चकत्यांमधलं तेल ती एनर्जी खाऊन टाकणार. याच सुमाराला त्याने चार सिलिंडरसाठी दुप्पट वेगाने उलटसुलट फिरणारे दोन बॅलन्सर काढले. १९७५ साली मित्सुबिशीने दोन बॅलन्स शाफ्टची सुधारलेली रचना आणली, आणि पोर्शने १९८२च्या ९४४ मॉडेलसाठी त्यांना लायसन्सचे पैसे मोजले. मूळ कल्पना लँचेस्टरची.

आता आपल्या चार किलोंकडे येऊ. हे चार किलो सरासरी १२ सेंटिमीटर त्रिज्येवर आहेत असं धरा. इनर्शिया झाला सुमारे ०.०५८ किलोग्रॅम मीटर वर्ग. पहिल्या गिअरला एकूण रेशो १४ आणि चाकाची त्रिज्या ३० सेंटिमीटर असेल तर वेग घेताना हे जवळपास १२५ किलो कमी केल्यासारखं आहे, म्हणजे दोन मित्र खाली उतरवल्यासारखं. पण टॉप गिअरला रेशो ३.२ वर आला की तोच फायदा साडेसहा किलोंवर येतो! रेशोचा वर्ग होतो ना. आणि एका वेगाने घाट चढताना काहीच फायदा नाही. म्हणजे ही खटपट सिग्नलवरून सुटताना आणि गिअर टाकताना जाणवणार, टॉप स्पीडला नाही. वजन काढायचं तर कडेचं काढावं, मधलं काढून हाती फार काही लागत नाही.

त्याची किंमत लँचेस्टरच्या पहिल्या रोगात मोजावी लागते. स्लोला इंजिन धडधडतं, क्लच सोडताना गाडी बंद पडते, ट्रॅफिकमध्ये पाय दुखतो. सिलिंडर जितके जास्त तितकं हलकं चाक चालतं, कारण दोन फायरिंगमधलं अंतर कमी असतं. गाडीला ड्युअल मास फ्लायव्हील असेल तर जास्त विचार करावा. तिथे स्प्रिंगा गिअरबॉक्सला थरथरीपासून वाचवत असतात, त्या काढल्या की न्यूट्रलला गिअर खडखडतात. आणि मूळ कास्ट आयर्नचं चाक लेथवर पातळ करणं हा तर जिवाशी खेळ आहे. सहा हजार आरपीएमला ते फुटलं तर तुकडे बेल हाउसिंग फोडून केबिनमध्ये येऊ शकतात. घ्यायचंच तर बनवलेलंच हलकं, फोर्ज्ड स्टीलचं घ्यावं. ॲल्युमिनियमचं घेतलं तर क्लचच्या बाजूला स्टीलची चकती हवीच. माझं मत विचाराल तर रोज कॉलेजला यायच्या गाडीसाठी थोडंसं हलकं, बस्स.

लँचेस्टरचं पुढे काय झालं? विमानाच्या पंखाला लिफ्ट कशी मिळते यावर त्याने १८९७ साली पेपर लिहिला, तो नाकारला गेला. १९०७ आणि १९०८ साली दोन जाडजूड पुस्तकं काढली. नंतर जर्मनीत प्रांट्लने त्याच विषयाचं स्वच्छ गणित मांडलं आणि जास्त नाव त्याचं झालं. युद्धात सैन्याच्या संख्येचा वर्ग मोजावा लागतो हा नियमही लँचेस्टरचाच. १९२२ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला फेलो केलं. मान मिळाला, पैसा मात्र कधीच नाही. त्याची मोटार कंपनी १९०४ मध्येच कर्जात बुडून पुन्हा उभी करावी लागली होती, आणि पुढे ती दुसऱ्यांच्या ताब्यात गेली. म्हातारपणी दृष्टी गेली, पार्किन्सन्स झाला, घरखर्चाला मोटार उत्पादकांच्या संघटनेची मदत घ्यावी लागली. ८ मार्च १९४६ रोजी बर्मिंगहॅमला तो गेला.

१९७० साली कॉव्हेंट्रीत नवं पॉलिटेक्निक निघालं त्याला लँचेस्टरचं नाव दिलं. आता ती कॉव्हेंट्री युनिव्हर्सिटी झाली आहे आणि त्याचं नाव तिथल्या लायब्ररीला आहे.