शिळेवरून घराघरांत : राजा रविवर्मा

आपल्या विजासनच्या लेण्यांना वंदन करून पुढे जो कार्ले-भाजे येथील बुद्धलेणी पाहावयास जातो, तो मळवली स्थानकावर उतरतो. त्याच मळवलीत एकेकाळी राजा रविवर्मा यांचा छापखाना होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

रविवर्मांचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजी त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे झाला. तैलरंगांची विद्या त्यांनी बव्हंशी निरीक्षणाने व स्वतःच्या परिश्रमाने आत्मसात केली. १८७३ मध्ये व्हिएन्नाच्या प्रदर्शनात त्यांच्या चित्राचा गौरव झाला. पुढे बाबासाहेबांच्या परदेशी शिक्षणास साहाय्य करणाऱ्या सयाजीराव गायकवाडांनी १८८८ मध्ये त्यांच्याकडून चौदा पौराणिक चित्रे करवून घेतली.

परंतु राजवाड्यातील चित्र सामान्यांच्या दृष्टीस पडणार कसे? या विचारातून १८९४ मध्ये त्यांनी मुंबईत छापखाना काढला. शकुंतलेच्या जन्माचे चित्र तेथे प्रथम छापले गेले. १८९९ मध्ये छापखाना मळवलीस हलविण्यात आला. बंधू सी. राजा राजा वर्मा त्याची व्यवस्था पाहत.

जपानमध्ये प्रत्येक रंगासाठी वेगळा लाकडी ठोकळा कोरून चित्रे छापीत. निवडक चित्रांवर धातूची चमकदार पूड लावून कागदावर उठावही काढीत. रविवर्मांच्या छापखान्यात लाकडाची जागा दगडी शिळेने घेतली होती. येथेही प्रत्येक रंगाची शिळा निराळी, आणि कागद एकामागून एक साऱ्या शिळांवरून जाई. अशा चित्रावर कापडाची वीण उठवून रोगण दिले की तैलचित्राचा भास होई. दादासाहेब फाळके यांनीही या छापखान्यात काही काळ काम केले.

व्यवहारात मात्र कर्ज वाढले. विसाव्या शतकाच्या आरंभी छापखाना फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञास विकावा लागला. २ ऑक्टोबर १९०६ रोजी रविवर्मांचे निधन झाले.

देवळाची दारे ज्यांना बंद होती, त्यांच्याही भिंतीवर देवाचे चित्र येऊ शकले. कागद जात विचारीत नाही. परंतु चित्र घरात आल्याने पाणवठा खुला झाला नाही. त्यासाठी १९२७ मध्ये महाडला जावे लागले. म्हणूनच रविवर्मांच्या विषयांपेक्षा त्यांनी रुळविलेले साधन आपल्याला मोलाचे वाटते. त्याच छपाईकलेच्या वाटेने पुढे तथागत आणि बाबासाहेब आपल्या झोपडीच्या भिंतीवर आले. कला कोणाच्या हाती पोहोचते, यावर तिचे मोल ठरते, हे आपल्या विद्यार्थ्यांनी ध्यानी ठेवावे.