माता रमाई : पदव्यांमागचे घर

बाबासाहेबांच्या पदव्या आपल्यापैकी लहान मुलालाही तोंडपाठ असतात. त्या पदव्यांची किंमत मुंबईतील परळच्या चाळीत दोन खोल्यांत कोणी चुकती केली, हे मात्र आपण क्वचितच विचारतो.

रमाबाईंचा जन्म १८९८ साली दापोलीजवळील वणंद गावी झाला. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरावर माशांच्या टोपल्या वाहत. आईवडिलांचे छत्र लवकरच हरपले आणि पोरकी भावंडे मुंबईस काकामामांच्या आश्रयाला आली. १९०६ साली भायखळ्याच्या मासळी बाजारात, रात्री बाजार उठल्यावर, त्यांचा विवाह भीमरावांशी झाला. तेव्हा त्या अवघ्या आठ-नऊ वर्षांच्या होत्या.

१९१३ च्या फेब्रुवारीत सासरे सुभेदार रामजी निवर्तले. त्याच वर्षी जुलैमध्ये बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले. यशवंत तेव्हा तान्हा होता. शिष्यवृत्ती विद्यार्थ्यापुरती होती. घरासाठी तीत काहीच नव्हते.

खरी कसोटी मात्र पुढे लागली. १९१८ साली बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. दरमहा ४५० रुपये पगार! दुसरे कोणतेही घर येथे स्थिरावले असते. या घराने मात्र पुन्हा काटकसर मांडली. रमाबाई ठरावीक रकमेत संसार रेटीत आणि उरलेला पैसा लंडनच्या अपुऱ्या शिक्षणासाठी साठत गेला. १९२० साली बाबासाहेबांनी ती नोकरी सोडली. ही शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज एवढ्या बळावर एकोणतीस वर्षांचा हा प्राध्यापक पुन्हा विद्यार्थी झाला.

मागे राहिलेल्या रमाबाई बावीस वर्षांच्या होत्या. दीर आनंदरावांच्या पश्चात जाऊबाई लक्ष्मीबाई आणि पुतण्या मुकुंद हेही त्याच चुलीवर अवलंबून होते. शेण गोळा करून गोवऱ्या थापणारी रमाई आमच्या आजीपणजींनी आम्हांला सांगितली, ती याच दिवसांतली. १९२३ साली बाबासाहेब परतले आणि त्याच वर्षी त्यांना डी.एस्सी. मिळाली. घराच्या वाट्याला मात्र दुःखच अधिक आले. पाच अपत्यांपैकी चार लहानपणीच गेली. १९२६ साली राजरत्नही गेला. अखेर २७ मे १९३५ रोजी दादरच्या राजगृहात रमाबाईंची प्राणज्योत मालवली. १९४० साली बाबासाहेबांनी पाकिस्तानविषयक ग्रंथ रामूच्या स्मृतीस अर्पण केला.

धारवाडच्या वसतिगृहात मुले उपाशी आहेत हे कळताच रमाईंनी आपल्या बांगड्या काढून दिल्या, अशी आठवण आपल्या समाजात सांगितली जाते. वसतिगृहाच्या अन्नावर वाढलेल्या आम्हां माजी विद्यार्थ्यांना ती ऐकताना घास आठवतो.

तरीही केवळ त्यागमूर्ती म्हणून हार घालून आम्ही मोकळे होऊ नये, असे आम्हांस वाटते. हा त्याग रमाईंनी हौसेने निवडलेला नव्हता. ज्या समाजाला विद्या शतकानुशतके नाकारली गेली, त्याला ती विकत घेताना घरातील बाईचे आयुष्य मोजावे लागले. आमच्यासाठीही कोणा आईने मंगळसूत्र गहाण ठेवले, कोणा बहिणीने शाळा सोडली. शिकल्यावर आम्ही त्यांना काय परत दिले, हा हिशेब रमाईंच्या स्मृतीसमोर प्रत्येकाने स्वतःच मांडावा. त्यागमयी मातेस आमचे विनम्र अभिवादन.