संत ऑस्कर रोमेरो : ज्यांचा मारेकरी कधी उभाच केला गेला नाही

२४ मार्च हा संत ऑस्कर रोमेरो यांचा स्मृतिदिन. वेदीवर मिस्सा अर्पण करीत असताना या आर्चबिशपांची हत्या झाली, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. परंतु या खुनाबद्दल आजवर कोणत्याही फौजदारी न्यायालयाने एकालाही शिक्षा दिलेली नाही, हे थोड्यांनाच ठाऊक असेल. त्यांना कोणी मारले आणि का मारले, हे दोन्ही प्रश्न आपण या प्रायश्चित्तकाळात समजून घेऊया.

ऑस्कर रोमेरो यांचा जन्म १५ ऑगस्ट १९१७ रोजी मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर या चिमुकल्या देशात, सियुदाद बार्रिओस या डोंगरी गावात झाला. वडील तारखात्यात कामाला होते. मुलाने सुतारकी शिकावी अशी त्यांची इच्छा, आणि ऑस्कर काही काळ ती शिकलाही. पण तेराव्या वर्षी तो सेमिनरीत दाखल झाला. पुढील शिक्षण रोममध्ये झाले आणि तेथेच ४ एप्रिल १९४२ रोजी त्यांना गुरुदीक्षा मिळाली. मायदेशी परतल्यावर त्यांनी सान मिगेल धर्मप्रांतात वीसहून अधिक वर्षे सेवा केली. १९७० साली ते साहाय्यक बिशप झाले आणि १९७४ साली सांतियागो दे मारिया धर्मप्रांताचे बिशप.

स्वभावाने ते बुजरे, पुस्तकात रमणारे, जुन्या वळणाचे. एल साल्वादोरमधील जमीन आणि कॉफीचे मळे मूठभर घराण्यांच्या हाती होते आणि लष्कर त्यांच्या पाठीशी होते. हंगामात कॉफी तोडायला येणारे मजूर थंडीत उघड्यावर झोपतात हे पाहून बिशप रोमेरो यांनी त्यांच्यासाठी चर्चच्या इमारती उघडल्या. १९७५ साली त्यांच्या धर्मप्रांतात सैनिकांनी काही शेतकऱ्यांना ठार केले, तेव्हा त्यांनी राष्ट्राध्यक्षांना खाजगी पत्र लिहिले. जाहीर निषेध मात्र केला नाही. म्हणूनच फेब्रुवारी १९७७ मध्ये ते सान साल्वादोरचे आर्चबिशप झाले, तेव्हा जमीनदार निश्चिंत झाले आणि गरिबांमध्ये काम करणारे धर्मगुरू नाराज.

महिनाभरही लोटला नाही तोच १२ मार्च १९७७ रोजी येशूसंघीय फादर रुतिलिओ ग्रांदे यांची वाटेत गोळ्या घालून हत्या झाली. ते एल पाइस्नाल गावी मिस्सेसाठी निघाले होते. सोबतचा एक वृद्ध गृहस्थ आणि एक किशोरवयीन मुलगाही ठार झाला. फादर रुतिलिओ हे आर्चबिशपांचे जिवलग मित्र. १९७० साली त्यांच्या बिशपपदाच्या दीक्षाविधीची व्यवस्था फादरांनीच पाहिली होती. त्या रात्री आर्चबिशप त्या तीन मृतदेहांजवळ गेले आणि गावकऱ्यांचे दुःख त्यांनी ऐकून घेतले. पुढच्या रविवारी, २० मार्चला, सर्व चर्चमधील मिस्सा बंद ठेवून कॅथेड्रलमध्ये एकच मिस्सा अर्पण करण्यात आली. सुमारे एक लाख लोक जमले. खुनाचा तपास लागेपर्यंत सरकारी समारंभांना जाणार नाही, असे त्यांनी जाहीर केले. तपास कधीच लागला नाही आणि ते कधीच गेले नाहीत.

पुढील तीन वर्षांत त्यांच्या आर्चधर्मप्रांतातील आणखी काही धर्मगुरू मारले गेले. त्यातील फादर ओक्ताविओ ओर्तिस यांना तर जानेवारी १९७९ मध्ये तरुणांचे शिबिर चालू असताना सैनिकांनी ठार केले. दर रविवारी आर्चबिशप रोमेरो प्रवचनात त्या आठवड्यात मारल्या गेलेल्यांची आणि बेपत्ता झालेल्यांची नावे वाचत. चर्चच्या रेडिओवरून ते प्रवचन खेडोपाडी ऐकले जाई. त्या रेडिओ केंद्रावरही बॉम्बहल्ले झाले. डाव्या गटांनी केलेल्या हिंसेचाही ते निषेध करीत, हे विसरून चालणार नाही. स्वतः मात्र ते कर्करोगाच्या रुग्णांसाठी धर्मभगिनी चालवीत असलेल्या रुग्णालयाच्या आवारात एका छोट्या घरात राहत.

२३ मार्च १९८० च्या रविवारी त्यांनी सैनिकांना निरपराध बांधवांवर गोळ्या न झाडण्याचे आवाहन केले. दुसऱ्याच दिवशी, सोमवारी सायंकाळी, रुग्णालयाच्या कपेलमध्ये ते मिस्सा अर्पण करीत होते. जमिनीत पडून मरणाऱ्या गव्हाच्या दाण्याचे शुभवर्तमान वाचून झाले होते, प्रवचनही संपत आले होते. इतक्यात दारासमोर थांबलेल्या मोटारीतून एकच गोळी सुटली आणि त्यांच्या छातीत लागली. ते ६२ वर्षांचे होते. ३० मार्चला, झावळ्यांच्या रविवारी, त्यांच्या अंत्यविधीच्या वेळीही बॉम्ब फुटला, गोळीबार झाला आणि अनेक माणसे मेली.

मग तपासाचे काय झाले? तपास करणाऱ्या न्यायाधीशावर तीनच दिवसांत घरात हल्ला झाला आणि त्यांना देश सोडावा लागला. मे महिन्यात माजी मेजर रोबेर्तो दोबुइसॉन याला काही साथीदारांसह पकडले. कटाशी संबंधित कागदपत्रेही सापडली, पण त्याला लवकरच सोडून देण्यात आले. तो १९९२ साली मरण पावला. १५ मार्च १९९३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन आयोगाने खुनाचा हुकूम त्यानेच दिला, असा निष्कर्ष जाहीर केला. पाचच दिवसांत तेथील संसदेने सर्वांना माफी देणारा कायदा संमत केला! २००४ साली अमेरिकेतील एका दिवाणी न्यायालयाने कटातील आल्वारो साराव्हिया याला जबाबदार धरले. २०१६ साली तो माफीचा कायदा रद्द झाला आणि २०१८ मध्ये साराव्हियाविरुद्ध अटकेचा हुकूम निघाला. पण प्रत्यक्ष गोळी झाडणारा हात न्यायालयापुढे कधीच आला नाही.

आता हेतूचा प्रश्न. जमीनदारांना आपल्या मळ्यांची चिंता होती आणि लष्कराला आपल्या शिस्तीची. मारेकऱ्यांच्या गटातील पुष्कळजण स्वतः बाप्तिस्मा घेतलेले होते. मग हे राजकीय मरण की श्रद्धेसाठी दिलेले? या प्रश्नावर ख्रिस्तसभेतही अनेक वर्षे मतभेद राहिले. अखेर फेब्रुवारी २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ते श्रद्धेच्या द्वेषातून झालेले हौतात्म्य असल्याचे मान्य केले. शुभवर्तमानातील न्याय आणि प्रेम ज्यांना सहन होत नाही, ते ओठांनी प्रार्थना करीत असले तरी ख्रिस्ताचाच द्वेष करतात, असा याचा अर्थ आपण घेऊ शकतो. १४ ऑक्टोबर २०१८ रोजी आर्चबिशप रोमेरो संतपदी विराजमान झाले. २२ जानेवारी २०२२ रोजी फादर रुतिलिओ आणि त्यांच्या दोन्ही सोबत्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले.

प्रिय श्रद्धावंतांनो, क्षमा करणे म्हणजे सत्य पुरून टाकणे नव्हे. संयुक्त राष्ट्रांनीही २४ मार्च हा दिवस पीडितांच्या सत्य जाणून घेण्याच्या हक्कासाठी राखून ठेवला आहे. आपल्या आसपास कोणावर अन्याय होतो तेव्हा आपण खाजगी पत्रावर थांबतो, की त्याचे नाव उघडपणे घेतो? येत्या २४ तारखेला घरच्या प्रार्थनेत आपण संत ऑस्कर यांची मध्यस्थी मागूया आणि ज्यांच्या आप्तांचे मारेकरी कधीच सापडले नाहीत, अशा सर्व कुटुंबांसाठी एक रोझरी म्हणूया.