जिना लपवणारा राष्ट्राध्यक्ष

बिल्डिंग ड्रॉइंगच्या शीटवर सगळ्यात जास्त रबर कशावर झिजतं, हे कुठल्याही सिव्हिलवाल्याला विचारा. जिन्यावर! खोल्या इकडे-तिकडे ढकलता येतात, दारं-खिडक्या सरकवता येतात. जिना मात्र एकदा बसला की खालचा मजला, वरचा मजला आणि छताचा उतार, तिघांनाही त्याच्याशी जुळवून घ्यावं लागतं. त्यात बैठ्या बंगल्याच्या छपराखाली राहण्याच्या खोल्या काढायच्या असतील तर विचारूच नका. जिना छताच्या मधल्या उंच भागाखाली यायला हवा, नाहीतर वर पोचणाऱ्याचं डोकं वाशाला आपटतं. आणि मध्ये आणावा, तर तो खालचा हॉल खातो.

या भांडणात एका माणसाने ठामपणे एकच बाजू घेतली. टॉमस जेफरसन, अमेरिकेचा तिसरा राष्ट्राध्यक्ष, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मसुदा लिहिणारा. मेकॅनिकल आणि कॉम्प्युटरवाल्यांनी पान उलटू नये. हा गडी शिकला होता वकिली, आणि आर्किटेक्चरचा एकही तास त्याने कुठल्या वर्गात बसून केलेला नव्हता. मला त्याचं कौतुकही वाटतं आणि रागही येतो. दोन्हींचं कारण त्याचं घर.

जेफरसनचा जन्म 1743 चा, व्हर्जिनियातला. वडील जमीन मोजणारे सर्व्हेअर. ते लवकर गेले आणि मुलाला वारशात हजारो एकर जमीन मिळाली, तिच्यावर राबणाऱ्या गुलामांसकट. पालाडिओ या इटालियन वास्तुविशारदाची पुस्तकं वाचून तो स्वतःच नकाशे काढायला लागला. 1769 मध्ये त्याने एका टेकडीचा माथा सपाट करून घराचं काम सुरू केलं. नाव ठेवलं माँटिचेलो, म्हणजे इटालियनमध्ये छोटी टेकडी. 1772 मध्ये लग्न झालं. दहा वर्षांनी बायको गेली. सहा मुलांपैकी दोनच मुली मोठ्या झाल्या.

1784 ते 1789 तो पॅरिसमध्ये होता, आणि इथून खरी गोष्ट सुरू होते. तिथे नव्या फॅशनची घरं उठत होती. बाहेरून बैठी दिसायची, पण आत मजले दडलेले. सीन नदीकाठी चालू असलेल्या ओतेल द साल्म या हवेलीचं बांधकाम तर तो समोरच्या बागेत बसून पाहत राहायचा. (साईट व्हिजिटला दांडी मारणाऱ्यांनी बोध घ्यावा.) आणखी एक गोष्ट त्याच्या डोक्यात बसली. या घरांत दिवाणखान्यात मिरवणारा भव्य जिना नव्हता, आडबाजूला छोटे जिने होते. मोठ्या जिन्याला खर्च फार, आणि तो अडवतो त्या जागेत प्रत्येक मजल्यावर एक चांगली खोली निघू शकते, असा त्याचा हिशोब होता. हिशोब चुकीचा नाही. आपणही शीटवर तोच करतो.

1796 पासून त्याने आपलं चांगलं उभं असलेलं घर पाडून वाढवायला घेतलं. आठ खोल्यांच्या एकवीस झाल्या. वरचा जुना मजला उतरवला आणि नवा असा बसवला की बाहेरून कळूच नये. युक्ती बघा. दुसऱ्या मजल्याच्या खिडक्या त्याने जमिनीलगत, बुटक्या ठेवल्या. बाहेरून त्या खालच्या उंच खिडकीचाच वरचा भाग वाटतात. तिसरा मजला छपराखाली. त्याला उजेड छतातल्या काचांमधून. मधोमध अष्टकोनी घुमट. अमेरिकेच्या पाच सेंटच्या नाण्यावर 1938 पासून जे घर आलं, ते हेच.

आता जिने. हॉलच्या दोन्ही बाजूंच्या बोळांत एकेक, तळघरापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत. रुंदी फक्त 24 इंच! म्हणजे 61 सेंटिमीटर. आपल्या नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये राहत्या घराच्या जिन्याला साधारण एक मीटर लागतो, आणि चढाची दुप्पट अधिक पायरीची रुंदी मिळून 60 सेंटिमीटरच्या आसपास यावं, हे सूत्र तर आपल्याला पाठच असतं. त्यामुळे पाय न अडखळता चढता येतं. माँटिचेलोचे जिने अरुंद तर आहेतच, शिवाय उभे चढ आणि वळणं. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने मागे फिरायचं.

मग जेफरसन स्वतः कसा चढायचा? फारसा चढायचाच नाही. त्याची झोपायची खोली, अभ्यासिका, पुस्तकं, सगळं खाली. पलंग दोन खोल्यांच्या मधल्या कोनाड्यात. एका बाजूने उतरला की कपडे, दुसऱ्या बाजूने उतरला की लिहायचं टेबल. पलंगाच्या वरच्या पोकळीतही त्याने कपड्यांचं कपाट काढलं, आणि तिथे जायला शिडीसारख्या पायऱ्या. एक इंच वाया नाही. वाईनच्या बाटल्या तळघरातून वर आणायला जेवणघराच्या शेकोटीच्या दोन्ही बाजूंना छोट्या लिफ्ट. हॉलमधल्या घड्याळाची वजनं भिंतीवरून वार दाखवत खाली येतात. भिंत कमी पडली, तर पठ्ठ्याने जमिनीला भोक पाडलं, आणि शनिवार तळघरात गेला!

इथपर्यंत मी टाळ्या वाजवतो. पण 1809 मध्ये तो राष्ट्राध्यक्षपद सोडून परतल्यावर मुलगी मार्था आपल्या लेकरांसह कायमची तिथे राहायला आली. अकरा मुलं मोठी झाली तिची. ही सगळी वरच्या मजल्यांवर. पायघोळ घागरे सांभाळत, कडेवर मूल आणि हातात मेणबत्ती घेऊन, त्या बोळातल्या जिन्यावरून दिवसातून किती वेळा? पाणी, सरपण आणि सकाळी रिकामी करायची भांडी नेणारे होते गुलाम. जेवण दक्षिणेकडच्या गच्चीखालच्या स्वयंपाकघरातून तळघराच्या बोगद्याने यायचं आणि तशाच अरुंद जिन्याने वर चढायचं. पाहुण्यांना ताट दिसायचं, आणणारा कमीत कमी दिसायचा. माणसं समान आहेत असं लिहिणाऱ्याने आयुष्यभरात सहाशेहून जास्त माणसं मालकीची ठेवली. त्या घरातलं देखणं सुतारकाम करणाऱ्यांत जॉन हेमिंग्ज हा गुलाम होता. सॅली हेमिंग्ज या गुलाम स्त्रीच्या मुलांचा तो बाप होता, हे 1998 च्या डीएनए चाचणीनंतर बहुतेक इतिहासकार मान्य करतात.

माझं मत विचाराल तर जिन्याची जागा ठरवताना पहिला प्रश्न हाच हवा, की यावरून रोज कोण चढणार आणि हातात काय असणार. जेफरसनने जागेचा हिशोब उत्तम केला, फक्त चढणारा दुसराच होता. घुमटाखालच्या खोलीचं काय झालं बघा. घरातली सगळ्यात देखणी खोली, गोल खिडक्या, वर काच. पण पोचायला तो जिना! नातू लग्नानंतर काही काळ तिथे राहिला, एरवी तिचा उपयोग फारसा झालाच नाही. शेजारच्या छपराखालच्या सांदीत नातींनी मात्र आपला अड्डा केला होता. पोरांना जिना कधी अडत नाही, हे होस्टेलवाल्यांना सांगायला नको.

होस्टेलवरून आठवलं, म्हातारपणी त्याने एक अख्खं विद्यापीठ डिझाइन केलं. युनिव्हर्सिटी ऑफ व्हर्जिनिया, स्थापना 1819, वर्ग सुरू 1825. मध्ये हिरवळ, दोन बाजूंना प्राध्यापकांची दहा घरं, आणि त्यांच्या मधल्या ओळीत विद्यार्थ्यांच्या खोल्या, सगळ्या तळमजल्यावर. म्हणजे सरांच्या नजरेसमोर झोपायचं! टोकाला घुमटाची लायब्ररी. त्या खोल्यांत आजही मुलं राहतात.

4 जुलै 1826 ला, जाहीरनाम्याच्या बरोबर पन्नासाव्या वाढदिवशी, तो गेला. मागे एक लाख डॉलरहून जास्त कर्ज. कर्ज फेडायला 1815 मध्ये त्याने 6,487 पुस्तकं अमेरिकन काँग्रेसला विकली होती, तरी पुरलं नाही. मृत्युपत्राने पाच जणांना मुक्त केलं, त्यात जॉन हेमिंग्ज आणि जो फॉसेट हा लोहार होता. जानेवारी 1827 मध्ये बाकीच्यांचा लिलाव झाला. जोची बायको एडिथ त्या स्वयंपाकघराची मुख्य आचारी होती. ती आणि मुलं त्या लिलावात विकली गेली.

घर 1831 मध्ये विकलं गेलं, 1923 मध्ये एका फाउंडेशनने घेतलं, आणि 1987 मध्ये विद्यापीठासह जागतिक वारसा यादीत आलं. नेहमीच्या तिकिटावर खालचा मजला दाखवतात. वर जायचं असेल तर छोट्या गटाचं वेगळं तिकीट काढावं लागतं, कारण जिने अरुंद आहेत.