सर्पगंधेचे डॉक्टर : रुस्तम जाल वकील

इटियाडोहचे पाणी नहरीला सुटले की शेतकरी तीन गोष्टी पाहतो : गेटमधून पाणी किती जोराने येते, नहर किती मोकळी आहे, आणि मुळात धरणात पाणी किती. शरीरातील रक्तदाबाचा हिशेब याहून फार निराळा नाही. हृदय रक्त किती जोराने ढकलते, रक्तवाहिन्या किती आवळलेल्या आहेत व त्यांत द्रव किती आहे, यांवर तो ठरतो. रक्तदाबाची बहुतेक औषधे या तीनपैकी कुठे तरी हात घालतात. कोणी हृदयाचा वेग कमी करते, कोणी रक्तवाहिन्या सैल करते, तर कोणी लघवीवाटे मीठपाणी बाहेर काढते.

परंतु १९४० च्या सुमारास असे भरवशाचे औषध जवळजवळ नव्हतेच. अमेरिकेत डॉ. केम्पनर रोग्यांना महिनोन्‌महिने बिनमिठाचा भात व फळे यांवर ठेवीत. (आपल्या धानाच्या मुलखात हा उपचार कितीसा चालला असता, कोण जाणे!) काही ठिकाणी मज्जातंतू कापण्याची शस्त्रक्रिया होत असे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट १९४५ च्या एप्रिलमध्ये मेंदूतील रक्तस्रावाने वारले. त्यांचा रक्तदाब कित्येक महिने भयंकर वाढलेला होता. पण एवढ्या बलाढ्य देशाच्या प्रमुखाला देण्याजोगी गोळी त्या देशाजवळ नव्हती.

आपल्या देशात मात्र एक मुळी होती. तिचे नाव सर्पगंधा. वैद्य ती सर्पदंशावर, निद्रानाशावर व वेडावर देत. १९३१ साली कलकत्त्याचे डॉ. गणनाथ सेन व डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनी या मुळीने रक्तदाबही उतरतो असे नोंदविले होते. त्याच वर्षी सिद्दिकी यांनी दिल्लीत तिच्यातील रासायनिक द्रव्ये वेगळी काढली. एवढे होऊनही बाहेरच्या वैद्यकीय जगाने तिकडे लक्ष दिले नाही.

ते लक्ष वेधले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी. १९११ साली मुंबईच्या पारशी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. लंडनला वैद्यकाचे उच्च शिक्षण घेऊन ते परतले आणि परळच्या के. ई. एम. रुग्णालयात मानद डॉक्टर म्हणून काम करू लागले. विलायतेत शिकून आलेल्या डॉक्टरने वैद्याच्या बटव्यातील मुळीकडे वळावे, हे त्या काळी सोपे नव्हते. माझ्या मते वकिलांचे मोठेपण मुळी शोधण्यात नाही, ती तर होतीच. ते आहे मोजण्यात. त्यांनी रोगी निवडले, मुळीच्या गोळ्या दिल्या, दाब पुनःपुन्हा मोजला आणि आकडे मांडले. १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये त्यांचा ५० रोग्यांवरील निबंध प्रसिद्ध झाला. चार आठवड्यांच्या उपचारानंतर ८५ टक्के रोग्यांचा वरचा व ८१ टक्क्यांचा खालचा दाब उतरला होता. आजच्या कसोट्या याहून कडक आहेत हे खरे. तथापि त्या निबंधाने दार उघडले. बोस्टनच्या डॉ. विल्किन्स यांनी ही मुळी आपल्या रोग्यांना दिली आणि १९५२ साली स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले.

हे रेसर्पिन काम कसे करते? मज्जातंतूंच्या टोकाशी नॉरअ‍ॅड्रेनलिन नावाच्या रसायनाच्या बारीक कोठ्या असतात. रक्तवाहिन्यांना आवळण्याचा हुकूम याच रसायनाकरवी पोचतो. रेसर्पिन या कोठ्यांत नवा माल भरू देत नाही. साठा हळूहळू संपतो, रक्तवाहिन्या सैल पडतात, हृदयाची गती मंदावते. म्हणूनच याचा गुण एका दिवसात येत नाही आणि गोळी थांबवली तरी परिणाम बराच काळ रेंगाळतो.

पण कोठ्या नुसत्या रक्तवाहिन्यांशीच नाहीत, मेंदूतही आहेत. तेथला साठा संपला की सुस्ती येते, आणि मोठ्या मात्रेत काहींना इतके औदासीन्य येते की जीव नकोसा वाटावा. नाकातील रक्तवाहिन्या सैल पडून नाक चोंदते. पोटातील आम्ल वाढते, जुलाब होतात. म्हणजे ज्या क्रियेने गुण येतो, तिच्यातूनच अवगुणही निघतात. पुढे रेसर्पिनची मात्रा कमी करून त्याला लघवी वाढविणाऱ्या औषधाची जोड दिली गेली. अशाच मिश्र उपचाराने पक्षाघात टळतो, हे अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झालेल्या चाचण्यांनी १९६७ व १९७० साली दाखविले.

वकिलांना १९५७ साली अमेरिकेचा लास्कर पुरस्कार व १९५८ साली पद्मभूषण मिळाले. गोलवाला यांच्यासह त्यांनी लिहिलेला रोगलक्षणांवरील ग्रंथ वैद्यकाच्या कित्येक पिढ्यांनी वाचला.

१९७४ च्या सप्टेंबरात लॅन्सेट या नियतकालिकात रेसर्पिन घेणाऱ्या स्त्रियांत स्तनाचा कर्करोग अधिक आढळल्याचे लेख आले आणि खळबळ उडाली. पुढील बहुतेक अभ्यासांत तो संशय टिकला नाही. परंतु तोवर नवी औषधे आली होती आणि डॉक्टर रेसर्पिनपासून दूर गेले होते. तो खुलासा ऐकायला वकील राहिले नव्हते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्यांचे निधन झाले होते.