कवी नारायण वामन टिळक

सन १८९३ मधील गोष्ट. नागपूरहून राजनांदगावकडे जाणाऱ्या आगगाडीच्या डब्यात एक तरुण मराठी कवी व एक परदेशी गृहस्थ समोरासमोर बसले होते. बोलता बोलता संस्कृत काव्याचा विषय निघाला आणि त्यातून गोष्ट धर्मावर आली. निरोप घेताना त्या गृहस्थाने तरुणास बायबलातील नव्या कराराची एक प्रत दिली. त्या लहानशा पुस्तकाने त्याच्या आयुष्यास निराळेच वळण लावले. त्या तरुणाचे नाव नारायण वामन टिळक.

टिळकांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. त्यांची आई मोठी प्रेमळ होती. परंतु तिचे छत्र लवकरच हरपले. पुढे नाशिकास त्यांनी गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृतचे अध्ययन केले. स्वभाव भावनाशील व तितकाच अस्थिर असल्याने एका गावी वा एका नोकरीत ते फार काळ टिकत नसत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांना या भटकंतीचे पुष्कळ चटके सोसावे लागले. असेच फिरत फिरत ते नागपुरास आले. तेथे आप्पासाहेब बुटी यांनी त्यांना आश्रय दिला.

मिळालेले पुस्तक टिळक वाचू लागले. डोंगरावरील प्रवचनापाशी ते आले आणि त्यांचे मन तेथेच जडले. शत्रूवरही प्रीती करावी, ही शिकवण त्यांच्या हृदयाला भिडली. आपल्या शंका त्यांनी लिहून विचारण्यास आरंभ केला. पण आपले नाव मात्र त्यांनी प्रकट केले नाही. मन ख्रिस्ताकडे ओढ घेत होते आणि लोकांत ते पूर्वीचेच टिळक म्हणून वावरत होते. असे दुहेरी जिणे त्यांना फार जड जाऊ लागले.

आपला नवा विश्वास उघड केल्यास काय घडेल, हे ते पुरते जाणून होते. त्या काळी धर्म बदलणाऱ्या माणसास जात वाळीत टाकी. आप्तांची दारे त्याला बंद होत. सर्वांत मोठे दुःख म्हणजे लक्ष्मीबाईंचा वियोग. मनातील गोष्ट मनातच ठेवली असती, तर घर, नाते व मान ही सारी शाबूत राहिली असती. परंतु ज्या सत्याने आपल्याला जिंकले तेच लपवून जगणे, हे त्यांना स्वतःची फसवणूक केल्यासारखे वाटले. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी सर्वांसमक्ष बाप्तिस्मा घेतला, आणि तोही एका भारतीय पाळकाच्या हातून.

जे व्हावयाचे ते झालेच. सगेसोयरे दुरावले. लक्ष्मीबाईंवर तर जणू आकाशच कोसळले. निर्णय पतीचा होता, पण त्याची झळ त्यांनाही सोसावी लागली. सुमारे साडेचार वर्षे पतिपत्नी एकमेकांपासून दूर राहिली. पुढे त्या टिळकांकडे राहावयास आल्या, तरी आपले सोवळेओवळे त्यांनी सोडले नव्हते. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. हळूहळू त्यांचेच विचार पालटले. माणसामाणसांतील उच्चनीच भाव देवाने केलेला नाही, हे त्यांना पटले आणि १९०० साली त्यांनी स्वतःच्या इच्छेने बाप्तिस्मा घेतला. या साऱ्या दिवसांची कहाणी त्यांनी पुढे ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथात मोठ्या खेळकरपणे सांगितली आहे.

अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, ही टिळकांची कर्मभूमी झाली. ख्रिस्ती झाले म्हणून त्यांनी आपली भाषा व आपली राहणी टाकून दिली नाही. ख्रिस्ताची भक्ती त्यांनी अभंगांतून गाइली, कीर्तनातून सांगितली. ज्ञानोबा-तुकोबांचे ऋण ते आनंदाने मान्य करीत. ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी विभागाचे संपादन त्यांनी १९१२ पासून केले. फुलांवर व मुलांवर त्यांचे अपार प्रेम होते. बालकवी ठोमरे यांना तर या दांपत्याने आपल्या घरात पुत्राप्रमाणे वागविले. ज्या समाजाने एकदा दूर लोटले होते, त्याच समाजातील रसिक टिळकांची कविता आवडीने वाचू लागले.

१९१७ साली मिशनच्या पगाराची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे सर्व ख्रिस्तभक्त तेथे बंधुभावाने एकत्र यावेत, ही त्यांची इच्छा होती. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य मात्र त्यांच्या हातून अपुरेच राहिले. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. पुढे त्या काव्याच्या पूर्तीसाठी लक्ष्मीबाईंनी लेखणी हाती घेतली.

धर्म ज्याचा त्याने आपल्या अंतःकरणास विचारून ठरवावयाचा असतो. परंतु जे मनोमन पटले ते निर्भयपणे उघड सांगावे, त्याचे मोल स्वतः द्यावे आणि दुसऱ्याच्या मनावर मात्र बळजबरी करू नये, हा धडा टिळकांच्या चरित्रातून कोणत्याही धर्माच्या माणसाने घेण्यासारखा आहे.