पिठाच्या कणांत जीव पाहणारा दुकानदार

चेन्नईच्या दक्षिणेस कोवलमच्या किनाऱ्यावर समुद्राची दमट हवा बारमाही वाहते. अशा हवेत पिठाचा डबा फार दिवस न उघडता राहिला, तर पिठाचे कण जागच्या जागी हलताना दिसतात. हे माइट होत. ते कीटक नव्हेत. आठ पायांचे, कोळी आणि गोचिडीच्या कुळातले, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचे जीव. आज मोबाईलच्या कॅमेऱ्यावर छोटे भिंग बसवून त्यांचे छायाचित्र घेता येते. कॅमेरा नव्हता त्या काळी त्यांना डोळे भरून पाहिले ते एका कापडविक्याने. याच किनाऱ्यावर पुढे सद्रास येथे ज्या डचांची वखार होती, त्यांच्या देशातला तो.

अँटनी व्हॅन लिवेनहॉक यांचा जन्म 1632 मध्ये डेल्फ्ट येथे झाला. वडील टोपल्या विणत. अँटनी पाच वर्षांचे असताना ते वारले. महाविद्यालयीन शिक्षण नाही, विद्वानांची लॅटिन भाषाही येत नव्हती. कापडातील सूत तपासण्यासाठी व्यापारी भिंग वापरीत. लिवेनहॉक यांना त्या भिंगाचाच छंद जडला. पितळी पट्ट्यांमध्ये मण्याएवढे भिंग बसवून, सुईच्या टोकावर वस्तू चिकटवून ते डोळ्याजवळ धरीत. त्यांच्या एका सूक्ष्मदर्शकातून वस्तू सुमारे 266 पट मोठी दिसे. चित्रकला साधत नसल्यामुळे पाहिलेले उतरवून घेण्यास त्यांनी चित्रकार ठेवला होता.

धान्यातले किडे धान्यातूनच उपजतात, असे तेव्हा शिकलेले लोकही मानीत. लिवेनहॉक यांनी सोंडे, पिसवा, माइट यांची अंडी शोधली आणि त्यांतून पिल्ले बाहेर पडताना पाहिली. उवा किती वेगाने वाढतात हे कळावे म्हणून त्यांनी त्या स्वतःच्या पायमोज्यात बाळगल्या! अशी चिकाटी पुस्तकांतून येत नाही.

1676 मध्ये पाण्याच्या थेंबात असंख्य जीव असल्याचे त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले, तेव्हा सदस्यांचा विश्वास बसेना. मग त्यांनी धर्मोपदेशकांसह गावातील प्रतिष्ठितांच्या साक्षी लिहून पाठवल्या. 1677 मध्ये रॉबर्ट हूक यांनी स्वतः ते जीव पाहिले आणि वाद मिटला. 1680 मध्ये सोसायटीने या दुकानदाराला सदस्य करून घेतले.

मात्र आपली उत्तम भिंगे ते कोणाला दाखवीत नसत. हा संकोच पुढे महागात पडला, असेच म्हणावे लागेल. त्यांच्यामागे हा अभ्यास दीर्घकाळ रेंगाळला. घरातील धुळीतल्या माइटमुळे अनेकांना दमा होतो, हे डेल्फ्टजवळच्याच लायडनमधील संशोधकांनी 1960 नंतरच्या दशकात दाखवून दिले.

पाच अपत्यांपैकी मारिया ही एकच कन्या जगली आणि तिनेच त्यांना अखेरपर्यंत सांभाळले. 1723 मध्ये, नव्वदीत, त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार 26 सूक्ष्मदर्शकांची पेटी लंडनला पोहोचली. पुढे ती गहाळ झाली.